दुसरं गॅस्केट

इंजिनावरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं तेव्हा चौथ्या पिस्टनला पडलेलं भोक सगळ्यांना दिसलं. चांगलं करंगळी जाईल एवढं. शेडमधल्या माणसांनी आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग पुंडलिक ड्रायव्हरकडे.

पुंडलिक खाली मान घालून उभा होता. त्याचा डावा हात रेडिएटरच्या उकळत्या पाण्यानं भाजला होता, कोपरापर्यंत पट्टी होती. आसामच्या घाटात त्याचा ट्रक बंद पडला आणि मागचे सात जखमी शिपाई तासन्‌तास उन्हात पडून राहिले. तोफा ऐकून हा घाबरला आणि जीव घेऊन गाडी अशी दामटली की इंजिनच गेलं, असा त्याच्यावर ठपका होता. ट्रक मालगाडीवर घालून जबलपूरला याच शेडमध्ये परत आला, आणि चौकशीसाठी पाठोपाठ पुंडलिकही आला.

"घाबरला होतास ना? सरळ सांग," फोरमन बापूसाहेब म्हणाले.

"भ्यालो होतो जी, खोटं काहून बोलू? पण चढावर इंजिन टकटक करून राहिलं होतं. डब्यात चिंचोके हलवावे तसं. म्या पाय ढिला केला..." तो थांबला. "केला असंन. आता मलेच नक्की सांगता येत नाही."

अंबादास फिटर हातात पाना धरून हे ऐकत होता. इंजिनवर ठोकलेला २१४ हा बिल्ल्याचा नंबर त्याचाच. ज्यानं इंजिन जुळवलं त्याचा नंबर त्यावर ठोकायचा, आणि ते परत आलं तर उघडायचंही त्यानंच, अशी शेडची रीत होती.

ती टकटक कसली, हे त्या घोळक्यात फक्त त्याला ठाऊक होतं.

लढाई सुरू झाल्यापासून पेट्रोल हलकं येत होतं. पिस्टननं ते जास्त दाबलं, की नको त्या वेळी आपल्या मनानं पेट घेई आणि आतून इंजिनावर घण घालत राही. म्हणून फळ्यावर खडूनं ठळक हुकूम लिहिलेला होता, हेडखाली एक नाही, दोन गॅस्केट घालायची. तांब्याचे ते दोन पत्रे एकावर एक बसवले, की पिस्टनच्या डोक्यावर जागा वाढते आणि दाब उतरतो. इंजिन मठ्ठ होतं, पण टिकतं.

मठ्ठ इंजिन! अंबादासला तेच सोसत नव्हतं. दर शनिवारी वाळूची पोती भरून गाड्या मदनमहालच्या चढावर नेत. ज्याची गाडी गिअर न बदलता वर पोचेल, त्याला बाकीच्या फिटरांनी कमानिया गेटची खव्याची जिलबी खाऊ घालायची. अंबादासनं एकच गॅस्केट घालायला सुरुवात केली. चाचणीसाठी शेडमध्ये राखून ठेवलेलं चांगलं पेट्रोल असे, त्यामुळे टकटक कुणाला ऐकूच आली नाही. गाडी सरसर चढे, लोक पाठ थोपटत, आणि हा पठ्ठ्या मिशीला लागलेला पाक पुसत म्हणे, "कसब लागते भैया, कसब!"

बापूसाहेबांनी कागद पुढे सरकवला. "चलो, सही कर. हुकमाप्रमाणे दोन गॅस्केट घातली होती, एवढंच लिहिलं आहे. मग याचं काय करायचं ते फौजवाले बघतील."

अंबादासनं हेडच्या जागेकडे पाहिलं. गॅस्केट जळून, वितळून त्याचा गोळा झाला होता, तो चिकटून बसला होता. एक होतं की दोन, ते आता कुणालाही सांगता आलं नसतं. नोकरी राहिली असती, नावही राहिलं असतं. त्यानं पेन हातात घेतलं.

तेवढ्यात पुंडलिक पुढे आला आणि भाजलेला हात सावरत त्याच्यासमोर वाकला.

"अण्णा, तुमचा नंबर पाहून मीच ही गाडी मागून घेतली होती. तुमच्या चांगल्या इंजिनाचं म्या वाटोळं केलं. माफी द्या."

इतकी लाज अंबादासला जन्मात वाटली नव्हती. या माणसाच्या तोंडाकडे पाहवेना आणि त्याला उठवायला हातही पुढे होईना.

पेन ठेवून तो आपल्या जागेकडे गेला. भिंतीवरच्या खिळ्याला, कामावर घालायच्या जुन्या डांगरीच्या मागे, वाचवलेली गॅस्केट सुतळीत ओवून टांगलेली होती. नवीकोरी, तांब्याची, चकचकीत. ती सगळी माळ त्यानं आणून कागदावर ठेवली.

"यातलं एक या गाडीचं आहे, बापूसाहेब. म्या घातलंच नाही. याचा काही दोष नाही."

ज्यांनी जिलबी खाऊ घातली होती, ते जमिनीकडे पाहू लागले. बापूसाहेबांनी माळ उचलली, एकेक पत्रा सरकवत मोजली. अकरा भरली.

"आणि बाकीची दहा?"



उत्तर पुंडलिकनं दिलं. तो त्या चकचकीत पत्र्यांकडे टक लावून पाहत होता.

"आमच्या ताफ्यात २१४ नंबरच्या अजून चार हायेत, जी," तो हळूच म्हणाला. "पोरं भांडून घेतात त्या. चढाले चांगल्या ओढतात म्हणून."