रोनी आहे का?

“रोनी आहे का घरी?” पायरीवरच्या मुलीने विचारलं.

ब्रिन खाऊचा वाडगा पुढे करता करता थांबली. आज भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागायची संध्याकाळ; दिवस मावळल्यापासून तीसेक पोरं दाराशी येऊन गेली होती. चेटकिणी, सांगाडे, खोक्यात शिरलेला एक चालता टोस्टर. सगळ्यांचा एकच गलका, “खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू!” ही मात्र काहीच मागत नव्हती. असेल आठ-नऊ वर्षांची. पायात गुंड्यांचे उंच बूट, डोक्यावर झालरीची टोपी.

“इथे कोणी रोनी राहत नाही,” ब्रिन म्हणाली. “पोशाख मस्त आहे हं तुझा. आईने शिवला?”

“पोशाख कसला? माझे रोजचेच कपडे आहेत.”

ब्रिनला हसू आलं. ती बारा वर्षांची होती आणि यंदा पोशाख घालून गल्लीभर हिंडायला तिने साफ नकार दिला होता; दारात उभं राहून खाऊ वाटायची तिची ही पहिलीच वेळ. असली सोंगं लहान पोरांनी करावीत. थोड्या वेळाने तिला मैत्रिणीकडे, डेल्फीनकडे, जायचं होतं. तिथे आठवीतल्या मुली जमणार होत्या.

तेवढ्यात वारा सुटला. अंगणातली मेपलची पानं पायऱ्यांवर उडाली आणि त्या मुलीच्या झग्यातून सरळ पलीकडे गेली.

“आई!” ब्रिन ओरडली.

आई, रोवेना, पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. तिने पायऱ्यांकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“काय गं? कोण आहे?”

“ही... ही रोनीला विचारतेय.”

आईने चौकट धरली. तिला रोनी म्हणणारं आता कोणीच उरलं नव्हतं.

“झालरीची टोपी आहे का गं तिच्या डोक्यावर?” तिने हळूच विचारलं.

ब्रिनने मान डोलावली. “तुला नाही दिसत?”

“नाही गं. कुठे उभी आहे?”

“तुझ्या पुढ्यातच.”

त्या मुलीने आईला खालून वर न्याहाळलं. “ह्या बाई कोण?” तिने ब्रिनला विचारलं.

“हीच रोनी.”

“चल, काहीतरीच! रोनी माझ्याहून फार तर वीतभर उंच आहे. ही तर कोणाची तरी आई दिसतेय.”

ब्रिनने आईला ते सांगितलं. आई खळखळून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“एफी तिचं नाव,” ती म्हणाली. “टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीतून यायची, दर वर्षी ह्याच संध्याकाळी. सहा वर्षं आम्ही दोघींनी ही गल्ली पालथी घातली. आजच्या दिवशी सोंगांच्या गर्दीत तिच्याकडे कोण वळून बघतंय? तिला खाता यायचं नाही, म्हणून तिच्या वाटणीचंही मीच खायचे. मग तेराव्या वर्षी मोठ्या मुलींनी मला पार्टीला बोलावलं. मी हिला थांब म्हणून इथेच दारात उभं केलं आणि मागच्या दाराने पळाले. पुढच्या वर्षी दार उघडलं तर पायरी रिकामी. मला वाटलं, रुसली.”

खिशात ब्रिनचा फोन थरथरला. डेल्फीनच असणार. ब्रिनने तो बाहेर काढलाच नाही.

“जा ना तिच्याबरोबर,” ती म्हणाली.

“मी? ह्या वयात?”

“मीही येते. नाहीतर ती काय बोलतेय ते तुला कोण सांगणार?”

आईने हात पुसले. खुंटीवरचा कोट काढला, एका बाहीत हात घातला आणि तशीच थांबली.

“आधी विचार तिला,” ती म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. “म्हणावं, सत्तावीस वर्षं झाली. अजून रागावली आहेस का रोनीवर?”

ब्रिनने विचारलं.

एफीने टोपीची नाडी घट्ट केली आणि ब्रिनला वेडच लागलं असावं तसं तिच्याकडे पाहिलं.

“कसली सत्तावीस वर्षं?” ती म्हणाली. “आत्ताच तर म्हणाली ना रोनी, थांब, कोट घालून आलेच!”