उतरती रेषा

"हा खड्डा तुझ्या लग्नाचा," आलेखावर बोट टेकवत बाबा म्हणाले.

तिला हसू आलं. विभागातल्या तिन्ही कारखान्यांचं मिळून एकच उंच धुराडं होतं आणि त्यातून सत्तावीस वर्षांत किती वायू बाहेर पडला, त्याचा तो आलेख होता. आठवड्याला एक ठिपका. रेषा डावीकडे उंचावर सुरू व्हायची आणि पाहणाऱ्याला बरं वाटावं अशी उजवीकडे उतरत जायची. तीन महिने खपून तिने ती आपल्या कचेरीसाठी काढली होती. महिनाअखेरच्या बैठकीत याच रेषेच्या जोरावर दुसऱ्या धुराड्याला परवानगी मिळणार होती. आधीचं इतकं कमी झालंय, मग एकाची भर पडली तर काय बिघडलं, असं सगळे म्हणत होते. नवं धुराडं बाबांच्या परसदारापासून तीनशे पावलांवर उभं राहणार होतं.

"माझ्या लग्नाचा आणि धुराचा काय संबंध, बाबा?"

"पंधरा दिवस रजेवर नव्हतो का मी? हा त्याहून मोठा, तुझ्या आईच्या ऑपरेशनचा." बोट पुढे सरकलं. "इथे माझा उजवा गुडघा गेला. आणि हे बघ, इथे डावा."

"सरकारदरबारी तुमचे गुडघे एवढे गाजतायत," आई ओट्यापाशी भांडी विसळत म्हणाली, "आणि घरात मात्र तेल मीच चोळायचं."

तिचं हसू ओसरलं. बाबा त्या धुराड्याचे मोजणीदार होते. दोनशे बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी चढायची, यंत्राची नळी आत सारायची, त्या दिवसाचा आकडा रकान्यात लिहायचा आणि उतरायचं. पूर्वी ते रोज चढत. मग दिवसाआड. आता आठवड्यातून एकदा.

"चढत नाही त्या दिवशी काय लिहिता?"

"काही नाही. कोरा सोडतो." बाबा जरा दुखावलेच. "न मोजलेला आकडा लिहायचा नाही, हे तुला पाटीवर कुणी शिकवलं?"

तिच्यापर्यंत फक्त आठवड्याच्या बेरजा येत. कोऱ्या रकान्याचं शून्य संगणक करत असे. इतकी वर्षं सगळा विभाग बाबांच्या गुडघ्यांचा आलेख बघून समाधान मानत होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांच्या पाठीमागची खिडकी काजळीमुळे बारा महिने बंद असे.

"मॅडम, कोरं म्हणजे शून्य. नियमच आहे तसा. वायू असता तर त्यांनी लिहिला नसता का?"

"साहेब, वर कुणी गेलंच नव्हतं."

"मीही तेच म्हणतोय. नोंद नाही, म्हणजे वायू नाही. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नका."

संध्याकाळी तिने हे बाबांना सांगितलं. एक तारखेला त्यांनी दोन्ही गुडघ्यांना पट्टे आवळले आणि सकाळीच निघाले. दर वीस पायऱ्यांना थांबून दम खाल्ला, पण वर पोचले. दोन तारखेलाही पोचले. तिसऱ्या दिवशीही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

आठ तारखेला आलेखावर नवा ठिपका पडला. तो सरळ आभाळाला भिडला. कारखान्यांत पानसुद्धा हललं नव्हतं, कचेरीत मात्र पळापळ झाली. लिहिलेला आकडा खोडायची नियमात सोय नव्हती. पण बैठकीआधीच्या शेवटच्या आठवड्यात रेषा पुन्हा खाली आली, तर मधली उसळी यंत्राच्या माथी मारता येणार होती. साहेबांनी तातडीने आदेश काढला. तातडीच्या आदेशाला सहा सह्या लागतात. त्याला अकरा दिवस गेले.

"आपण धुराड्यावर दररोज चढू लागल्यापासून विभागातील उत्सर्जन सातपट वाढल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणांस तत्काळ खाली उतरण्याचे व पुन्हा न चढण्याचे आदेश देण्यात येत आहेत."

आदेश कामाच्या जागी, हातोहात द्यायचा होता. शिपायाने मान वर करून धुराडं पाहिलं आणि त्याची पाठ दुखू लागली. साहेबांना गच्चीवरही गरगरायचं.

"मॅडम, वडील तुमचेच ना?" साहेब म्हणाले.

या धुराड्याबद्दल तिने चार अहवाल लिहिले होते, शिडीला हात आज पहिल्यांदाच लागला. शंभराव्या पायरीवर ती दम खायला थांबली. दीडशेव्या पायरीवर खाली बघू नये हे कळलं, पण बघून झाल्यावर. वर बाबा लोखंडी जाळीवर पाय पसरून बसले होते.

"अगं, तू? आईला सांगून आलीस का?"

तिने कागद पुढे केला. बाबांनी तो हात लांब करून वाचला, नीट घडी घातली आणि खिशात ठेवला. जरा वेळ परसदाराकडे बघत राहिले.

"नोकरी आहे. आदेश आला की उतरायचं." ते कठड्याला धरून उठले.

"आजचा रकाना?"

"कोरा."

तिने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं.

"बाबा, आदेश तुमच्या नावाचा आहे. ही नळी कुठवर सारायची?"

तिच्या नावाचा निघायला अकरा दिवस लागणार होते. बैठक नऊ दिवसांवर होती.