श्रद्धांजलीचं फोल्डर

“क्लाउडवर फोटो ठेवायला एवढे पैसे?” दिगंबरने कपाळाला हात लावला. त्याच्या फ्लेक्सच्या दुकानात गावातल्या सगळ्यांचे फोटो होते. कुणाचा वाढदिवसाचा, कुणी वारल्यावर घरच्यांनी आणून दिलेला.

“श्रद्धांजलीचं फोल्डर काढून टाक,” तो डिझाइन करणाऱ्या शबानाला म्हणाला. “निम्म्यात भागेल. मेलेल्यांचं भाडं मी कशाला भरू?”

“दादा, अप्पांचा फोटोही त्यातच आहे.”

“वडील माझेच ना? घरी भिंतीवर आहेत की ते.”

त्या पावसाळ्यात नदी गावात शिरली. दुकानातले कॉम्प्युटर गेले, घरातली अप्पांची तसबीरही गेली. पाणी ओसरल्यावर शबानाने नव्या कॉम्प्युटरवर क्लाउडवरचे वाढदिवसाचे फोटो उतरवून घेतले. पहिलाच फोटो उघडला आणि ती खुर्चीतून ताडकन उठली.

फोटोत सरपंच हसत होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे त्यांची आई उभी होती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढच्या फोटोत किराणा दुकानदाराच्या मागे त्याचा पूर्वीच बुडून गेलेला भाऊ. दिगंबर तिच्या खुर्चीत बसून एकेक फोटो उघडत गेला. ज्यांना त्याने जागा दिली नव्हती, ती सगळी आपापल्या माणसांपाशी येऊन उभी राहिली होती.

शेवटी त्याने स्वतःचा फोटो उघडला. मागच्या वाढदिवसाला तो घरीच, अप्पांच्या तसबिरीखाली उभं राहून काढला होता.

त्याच्या मागे कुणीच नव्हतं. भिंतीवर नुसता खिळा होता.