पॉइंट दोन

सरावाचे घोडे तबेल्याकडे परतले आणि जावई वही घेऊन रेसकोर्सच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत शिरला. घोड्यांची वेळ टिपणारा त्याचा सासरा तिथे बसे. जावई विमा कंपनीतला कारकून. त्याने स्टूल पुसलं आणि वही अशी अलगद उघडली, जणू आत तान्हं मूल निजलंय. म्हाताऱ्याची तळपायाची आग मस्तकात गेली.

वेळ, अंतर, पाठीवरचं वजन, मैदान ओलं की सुकं, सगळं पिळून जावयाने प्रत्येक घोड्याचा एकेक आकडा काढला होता. त्याला तो वेगांक म्हणे. नव्वदच्या वर गेला की घोडा जिंकलाच समजा. रविवारी पळणाऱ्या काळ्या घोड्याचा वेगांक होता सत्त्याण्णव, आणि त्याच्या भरवशावर हा गृहस्थ आज नोकरीचा राजीनामा देणार होता. पाकीट खिशात तयार होतं. यापुढे घर वहीवर चालणार, असं त्याने बायकोला सांगूनही टाकलं होतं. बायको म्हणजे म्हाताऱ्याची एकुलती एक मुलगी. तिला सातवा महिना लागलेला.

घोड्याकडे ढुंकूनही न बघता आकड्यांत डोकं घालणारे असले शहाणे म्हाताऱ्याने तीस वर्षांत पैशाला पासरी पाहिले होते. पण हा पदरी पडलेला, म्हणून पवित्र.

“हा सत्त्याण्णव कुठल्या दिवसाचा?”

“दहा तारखेचा, मामा. तुम्हीच टिपलेली वेळ. एक मिनिट नऊ पॉइंट दोन.”

म्हाताऱ्याने उठून दार लोटलं. हे बाहेर फुटलं तर तीस वर्षांची अब्रू मातीत जाणार होती. पण पोरीच्या संसारापुढे अब्रू काय चाटायची आहे?

“जावईबापू, त्या दिवशी धुकं होतं. घोडा सुटलेला दिसला नाही, पोचलेला दिसला नाही. नुसत्या टापा ऐकल्या आणि अंदाजाने वेळ ठोकून दिली. नुसतं नऊ लिहिलं तर खोटं वाटतं, म्हणून पॉइंट दोन शोभेला जोडले. तुमचा सत्त्याण्णव माझ्या डोक्यातून निघालाय, घोड्याच्या पायातून नाही.”

जावयाचा चेहरा उतरला. पेन्सिल ओठाला लावून तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. चला, उजेड पडला एकदाचा, असं म्हाताऱ्याला वाटलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला या माणसाबद्दल थोडी माया वाटली.

मग जावयाने खोडरबर काढला.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. “धुक्यात जॉकी घोडा जपून पळवतो. त्याची सूट मी धरलीच नव्हती. मामा, धुकं दाट होतं की विरळ? दाट असेल तर दोन वाढतात.”



“दाट,” म्हातारा म्हणाला. “समोर गाढव उभं असतं तरी घोडा वाटला असता.”

जावयाने सत्त्याण्णव पुसून नव्याण्णव लिहिले, वहीवरची भुकटी हळूच फुंकली आणि खिशातलं पाकीट चाचपलं.