तिसरा शब्द

आखाडा बाळापूरच्या दवाखान्यात म्हाताऱ्यांची तपासणी चालली होती. जळबाची मूठ घट्ट निघाली, खुर्चीतून उठणंही जमलं. मग नर्स करुणानं लक्षात ठेवायला तीन शब्द दिले: चिमणी, बादली, हळद. आधीच्या म्हातारीला ते आठवले नव्हते, तेव्हा जळबासमोरच करुणा तिचा हात धरून म्हणाली होती, “मावशी, दर सोमवारी येत जा, बोलत बसू.” बायको गेल्यापासून जळबाच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. थोड्या वेळानं करुणानं शब्द विचारले. “चिमणी, बादली...” जळबा मुद्दाम थांबला. “तिसरा?” “न्हाई आठवत, बाई.” करुणानं खुर्ची जवळ ओढली. “सोमवारी येत जा, बाबा. फक्त घरचं कुणीतरी सोबत आणा.” जळबा खुर्चीतून उठला. मग हळूच म्हणाला, “आठवलं. हळद.” “तब्येत बराबर आहे तुमची,” करुणा हसली. “आता थेट पुढच्या वर्षीच या.”