सगळ्यांच्या मागे

"या हॉलमध्ये माझ्याइतका लीन माणूस दाखवा, मिशी उतरवून देतो!" असं म्हणत निवृत्त हेडक्लार्कने शेवटच्या रांगेत बसकण मारली.

भक्तिमंडळाच्या अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. आठ वर्षं हेडक्लार्कचा तिच्यावर डोळा होता. महाराजांनी गेल्याच आठवड्यात जाहीर केलं होतं, "भक्तीत मीपणा चालत नाही. ध्यान संपवून मी डोळे उघडेन, तेव्हा जो सगळ्यांच्या मागे असेल, तो अध्यक्ष."

महाराजांनी डोळे मिटले. लगेच मेडिकलवाला उठला आणि हेडक्लार्कच्या मागे जाऊन बसला.

"मी पापी माणूस. माझी जागा इथेच."

"तुम्ही कसले पापी? माझ्या पापांपुढे तुमची म्हणजे चिल्लर!"

हेडक्लार्क चपलांच्या ढिगावर गेला. मेडिकलवाला दाराबाहेर. हेडक्लार्क जिन्यावर. मग बाकीच्यांनाही आपापली पापं आठवली. अर्ध्या तासात सगळं मंडळ "देवा, मी धुळीचा कण" असं पुटपुटत, एकमेकांच्या बरगड्यांत कोपरं खुपसत, जिना उलटा उतरून रस्त्यावर आलं.

रस्त्यात पाण्याचा नवा पाइप टाकून चर उघडाच ठेवला होता. हेडक्लार्क मागे न बघता मागे सरकला आणि थेट चरात पडला.

"आता बोला!" तो आतून ओरडला. "आहे कोणी माझ्या खाली?"

मेडिकलवाल्याने चष्मा काढून खिशात ठेवला आणि उडी मारली.

वर महाराजांनी डोळे उघडले. हॉलमध्ये एकटी हेडक्लार्कची बायको होती. पहिल्या रांगेत. म्हणजे आता शेवटच्याही.

"तुम्ही नाही गेलात मागे?"

"मागून देव दिसत नाही हो," ती म्हणाली. "मी तर त्याला बघायलाच येते."

महाराजांनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं आणि तिलाच अध्यक्ष करून टाकलं.

खाली याचा पत्ता नव्हता. लोकांनी चरात शिडी सोडली होती.

"आधी तुम्ही चढा," हेडक्लार्क म्हणाला.

"छे, छे! तुम्ही थोर. आधी तुम्ही."

"थोर असेल तुमचा बाप!"

दोघंही हात जोडून तळाशीच बसले. चार वाजता पालिकेने पाइपात पाणी सोडून बघितलं. सांधा नीट बसला नव्हता.