बाबांची पिकदाणी

वाइन चाखताना गिळायची नाही, तोंडात घोळवून थुंकायची, हा बाबांचा नियम. गिळली की जीभ लाडावते, म्हणायचे. त्यामुळे मायलिसनं पंधरवडाभर वेगवेगळ्या द्राक्षांच्या वाइन मिसळून जुळवलेली सगळी मिश्रणं पिकदाणीत गेली होती. "गंजकं कुलूप चाटल्यासारखं लागतंय." "वाइन आहे का खोकल्याचं औषध?" काल तर नुसतंच, "पोरी, तू दमलीस."

दमली होतीच. काबर्नेचे वेल गारपिटीनं झोडपले होते, मेर्लोची द्राक्षं जास्त घेतली की चव मऊ पडत होती. आज जमलं नाही तर यंदा त्यांच्या लाग्रूल मळ्याच्या नावाची बाटलीच निघणार नव्हती. सगळी वाइन टँकरनं बोर्दोच्या व्यापाऱ्याकडे जाणार होती.

सकाळी तिनं पिकदाणीत लाकडाचा नवा भुसा घातला आणि एकच ग्लास पुढं ठेवला. "बाबा, याच्यापुढं माझ्याकडे काही नाही."

ग्लास घेऊन बाबा नेहमीसारखे पिकदाणीपाशी पाठमोरे उभे राहिले. बराच वेळ. मग कोटाची बटणं लावत म्हणाले, "फाटक करकरतंय. तेल घाल त्याला." आणि निघून गेले.

मायलिस स्टुलावर बसून राहिली. रडायचंही त्राण नव्हतं. व्यापाऱ्याला फोन करायच्या आधी निदान आवरून तरी टाकावं, म्हणून उठली. ग्लास रिकामा होता. तो विसळायला ठेवून तिनं सवयीनं पिकदाणी उचलली.

आतला भुसा कोरडाठाक होता.